जॅक वर गेला, गाडी खालीच राहिली : कुर्ल्याच्या पद्मिनीचा सडलेला पत्रा

(ध्वनिमुद्रित भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

मागच्या दोन भागांत आपण कार्ब्युरेटर आणि वायरिंगवर बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली. इंजिन काय, होतं हो दुरुस्त, पण पत्रा सडला असेल तर काय करायचं? त्यामुळे आज फक्त पत्रा. गंजलेला पत्रा कापून नवीन कसा लावायचा, कुठे थांबायचं आणि कुठे अजिबात थांबायचं नाही. आणि हे सगळं मी माझ्याच गाडीवरून सांगणार आहे, कारण चुका तिच्यावरच झाल्या.

सुरुवात २०२१ च्या फेब्रुवारीतली. आमची १९८३ ची प्रीमियर पद्मिनी. बाबांची गाडी. पाच-सहा वर्षं सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभी होती. मी ठरवलं, आता हिला रस्त्यावर आणायची. पहिलं काम काय, तर चाकं काढायची. मागच्या दाराखाली जॅक लावला आणि दांडा फिरवायला लागलो. कर्रर्र आवाज आला. मला वाटलं, स्प्रिंग मोकळी झाली असेल. अजून चार फेरे मारले. जॅक चांगला वीतभर वर गेला, आणि गाडी होती तिथेच. खाली वाकून बघतो तर जॅकचं डोकं रनिंग बोर्डाच्या आत शिरलेलं, आणि जमिनीवर तपकिरी पापुद्र्यांचा ढीग. चहाची पावडर सांडल्यासारखा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रनिंग बोर्ड म्हणजे दारांखालचा तो लांबलचक उंबरठा. आपले डेंटर लोक त्याला हेच नाव देतात. पद्मिनीला ट्रकसारखी किंवा जीपसारखी वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची चॅसी. इंजिनाचं वजन, मागच्या पाट्यांचा जोर, माणसांचं ओझं, सगळं हा पत्राच पेलतो. त्यात दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड म्हणजे घराच्या तुळया. म्हणजे माझा जॅक गाडीच्या तुळईत घुसला होता.

आता थोडं मागे जाऊ. कारण ही गाडी कुर्ल्यात उभी होती, आणि कुर्ल्यातच जन्मली होती.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना आपल्या लालबहादूर शास्त्री मार्गालगत होता. सुरुवातीला क्रायस्लरशी करार होता, त्यामुळे डॉज, प्लायमाउथ अशा अमेरिकन गाड्या कुर्ल्यात जुळायच्या. पुढे फियाट आली. पन्नाशीच्या दशकातली ती पुढची दारं उलटी उघडणारी फियाट, जिला आपण लाडाने डुक्कर फियाट म्हणतो, ती इथलीच. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, आणि १९७४ नंतर तीच गाडी पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर चार गिअर. थोडेफार बदल होत ती २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला मुंबईत २० वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा पेपरांत फोटो आले, लोकांनी निरोप दिला, ते तुम्हाला आठवत असेल.

गंमत बघा. १९६४ हेच वर्ष अमेरिकेत पॉन्टियाक जीटीओचं. मसल कारचा जमाना तिथून सुरू झाला असं मानतात. तिचं इंजिन जवळजवळ ६४०० सीसी, आपल्या डिलाइटच्या सहापट. पण आज दोन्हींचे मालक सारख्याच ठिकाणी गुडघे टेकून बसलेले असतात, दाराखाली, टॉर्च घेऊन. फरक एवढाच, की तिकडे जुन्या मस्टँगचा किंवा कॅमारोचा फ्लोअर, मडगार्ड, पूर्ण क्वार्टर पॅनल आजही नवीन दाबून मिळतं. काही मॉडेलचा तर अख्खा सांगाडा नवा मिळतो. खोका उघडायचा आणि लावायचं. आपल्याकडे पद्मिनीसाठी तसं काही नाही. जुन्या स्टॉकमधला एखादा मडगार्ड सीएसटी रोडला नशिबाने सापडला तर सापडला. नाहीतर भंगारात निघालेल्या गाडीचा चांगला तुकडा कापून आणायचा, किंवा सपाट पत्र्यातून हाताने घडवायचं. म्हणून आपल्याकडे या कामात डेंटर हाच कारखाना.

माझे बाबा त्या कारखान्यात होते. बॉडी शॉपला. स्पॉट वेल्डिंगच्या लाइनवर वीसेक वर्षं. त्यामुळे या गाडीच्या पत्र्याबद्दल आमच्या घरात एक अभिमान होता. "हा पत्रा बघ, आत्ताच्या डब्यांसारखा नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. म्हणून जॅक आत गेला तेव्हा मी आधी चकित झालो, मग थोडा चिडलो. एवढी काळजी घेतलेली गाडी, आणि असं कसं?

कसं, ते आता सांगतो, कारण तिथेच कामाची गोष्ट आहे.

लोखंडाला गंजायला दोन गोष्टी पुरतात, पाणी आणि हवा. मीठ असलं की वेग वाढतो. मुंबईच्या हवेत मीठ आहेच. पण उघड्यावरचा पत्रा सहसा आधी जात नाही. पाऊस पडला, ऊन पडलं, सुकलं. आधी जातं ते बंद पेटीतलं. रनिंग बोर्ड ही पेटी आहे, बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा मिळून. तिच्या तळाला पाणी निघायला छोटी भोकं असतात. ती चिखलाने बुजली की आत पाणी साचतं. बाहेरून पॉलिश चमकतंय आणि आतून सडणं सुरू. शिवाय गंजाचं अजून एक आहे. ॲल्युमिनियमवर जो थर येतो तो आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज झाकत नाही. तो भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो, आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांना जिथे जोडलेत तिथे तो मध्ये फुगतो आणि सांधा फाकवतो.

आमच्या गाडीचं निमित्त होतं २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मिठी भरली, वरून भरती. कुर्ल्यात काय झालं ते कुर्लेकरांना मी सांगायला नको. गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर बाबांनी इंजिन उघडलं, ऑइल बदललं, डायनामो सुकवला, सीट गच्चीवर टाकल्या. दहा दिवसांत गाडी सुरू. सगळे खूष. पण फ्लोअरवरचं रबर मॅटिंग आणि त्याखालचं तागाचं नमदं कोणी पूर्ण काढलं नाही. वरून सुकलं, खालून ओलंच राहिलं. खाडीच्या पाण्यात भिजलेला ताग पत्र्याला चिकटून बसला. त्या दिवशी गाडी वाचली असं आम्हाला वाटलं. खरं तर तेव्हापासून ती जायला लागली.

म्हणून पहिला नियम. गाडी पाण्यात गेली असेल तर इंजिनाइतकीच घाई फ्लोअरची करा. सगळं उचला, नमदं फेकून द्या, रनिंग बोर्डाची भोकं तारेने मोकळी करा, गोड्या पाण्याने धुवा आणि आठवडाभर दारं उघडी ठेवून सुकवा.

आता तपासणी. यासाठी तीन वस्तू लागतात. एक लोहचुंबक, एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि तुमचे कान. चुंबकावर पातळ कापड गुंडाळा म्हणजे रंगाला चरे पडत नाहीत, आणि गाडीभर फिरवा. जिथे धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. आणि संशय आला तिथे टोक टेकवून दाबा. घाबरू नका. टोक आत गेलं तर भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते होतंच.

पद्मिनीत बघायच्या जागा सांगतो. दोन्ही रनिंग बोर्ड, विशेषतः जॅक लावायच्या जागा. पुढच्या मडगार्डचा मागचा भाग, चाकाने उडवलेला चिखल तिथे साचतो. दारांचा तळ, कारण काचेतून आत गेलेलं पाणी खाली उतरतं. काचेच्या रबराखालची कड. बॅटरीखालची जागा, तिथे ॲसिडचा मारा असतो. डिकीचा तळ. पायाखालचा फ्लोअर आणि सीटचे बोल्ट जिथे बसतात ती जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचे पाटे जिथे बॉडीला टांगलेत ती जागा. मडगार्ड सडला तर गाडी कुरूप दिसते. पाट्याची जागा सडली तर चालत्या गाडीचं मागचं चाक जागा सोडू शकतं. या दोन गोष्टी एकाच यादीत लिहायच्या नाहीत. एक यादी दिसण्याची, दुसरी जिवाची. पैसे आधी दुसऱ्या यादीवर.

गाडी मी सीएसटी रोडच्या एका गल्लीतल्या डेंटरकडे नेली. टो करून. वय साठीच्या पुढे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. आयुष्य टॅक्सी ठोकण्यात गेलेलं. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या रनिंग बोर्डाला बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "भाऊ, ये तो अंदर से खाली है. ऊपर किसी ने मेकअप किया है."

त्या दिवशी बाबाही आले होते. वय ऐंशी. गुडघे दुखतात, पण प्रीमियरच्या गाडीचं काम म्हटल्यावर घरी कसले बसतात. एक प्लास्टिकची खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसले.

चाचांनी ग्राइंडरला वायर ब्रश लावला आणि डाव्या बाजूचा रंग काढायला घेतला. आधी रंग, मग प्रायमर, मग पुट्टी. पुट्टी संपतच नव्हती. बोटभर जाड थर निघाला. त्याच्या खाली जीआयचा, म्हणजे गॅल्वनाइज्ड पत्र्याचा पातळ तुकडा, पॉप रिव्हेट मारून बसवलेला. तो उचकटला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. पुट्टी आत पडू नये म्हणून भरलेले. भिजून, सुकून पुठ्ठा झालेले.

मी एक बोळा उलगडला. तारीख वाचता आली. डिसेंबर २००८.

मी म्हटलं, "बाबा, हे काय? २००८ ला काम कुणी केलं हे? तुम्हाला फसवलं कुणीतरी."

बाबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फसवलं नाही रे. मीच सांगितलं होतं."

डिसेंबर २००८ मध्ये माझ्या ताईचं लग्न झालं. ताई याच गाडीतून सासरी गेली. गाडीला फुलं लावलेला फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. लग्नाआधी रनिंग बोर्डाला भोकं दिसायला लागली होती. त्या डेंटरने सांगितलं होतं, कापून करायला महिना लागेल, एवढे पैसे लागतील. बाबांकडे तेव्हा महिनाही नव्हता आणि पैसेही नव्हते. तोपर्यंत कारखाना केव्हाच बंद झाला होता, जे काही हातात आलं होतं ते लग्नाला लागत होतं. बाबा म्हणाले, "मला माहीत होतं आत काय आहे. दुसऱ्या कुणाला नसेल, पण मला माहीत होतं. म्हटलं, लग्न होऊ दे, मग करू."

आणि मग ते राहून गेलं. पुढची सहा वर्षं आम्ही त्याच गाडीने गणपतीला गावी जात होतो. चिपळूणपर्यंत. मागच्या सीटवर आई, माझी बायको आणि माझी लहान मुलगी.

खरं सांगतो, मला त्या क्षणी राग आला. बोललो काही नाही, पण आला. ज्या माणसाने हजारो गाड्यांचे हेच सांधे जोडले, त्याने वर्तमानपत्र कोंबून वर पुट्टी मारायला सांगावं? चाचांनी ग्राइंडर बंद केला, चहा सांगितला, आणि विषय तिथे थांबला.

हे का सांगितलं, ते पुढे कळेल. आधी काम.

कापण्याआधीचं काम कापण्यापेक्षा मोठं असतं. बॅटरी काढा. पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण आत वाफ असते. सीट, मॅटिंग, वायरिंग बाजूला घ्या. मग गाडी समतल करा. आम्ही गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी घेऊन चारही टोकांची लेव्हल काढली आणि भक्कम घोड्यांवर गाडी ठेवली. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, मग ती जुनी असो की नवी.

त्यानंतर आधार. रनिंग बोर्ड कापला की मधून गाडी वाकू शकते. तशी वाकली आणि तुम्ही नवीन पत्रा जोडला, की ती कायमची वाकडी. मग दारं आयुष्यभर लागत नाहीत. म्हणून दाराच्या चौकटीत एका पिलरपासून दुसऱ्या पिलरपर्यंत एक इंची चौकोनी पाइप तात्पुरते वेल्ड केले. चौकटीची कर्णरेषा टेपने मोजली, भिंतीवर खडूने लिहिली. रोज सकाळी तीच मापं पुन्हा घ्यायची. आणि एका वेळी एकच बाजू कापायची. डावी पूर्ण झाल्याशिवाय उजवीला हात नाही.

इथे बाबा कामाला आले. दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी खुर्ची जवळ ओढली आणि चाचांना म्हणाले, "अहो, तिथून नका कापू. तिथे आत अजून एक पत्रा आहे. स्पॉट शोधा, स्पॉट सोडवा." कारखान्यात पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, छोटे गोल ठिपके. रंग घासला की ते दिसतात. त्या ठिपक्यावर ड्रिल मारून फक्त वरचा पत्रा मोकळा करायचा, खालचा चांगला पत्रा तसाच ठेवायचा. सरसकट ग्राइंडर फिरवला तर चांगला पत्राही जातो. बाबांना ते ठिपके कुठे आहेत ते पाठ होतं. डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बोट ठेवून सांगायचे, "इथे एक, चार बोटांवर दुसरा." चाचा ड्रिल मारायचे. ठिपका तिथेच निघायचा. चाचा माझ्याकडे बघून हसले, "काका को सब याद है."

आता पत्रा कुठला घ्यायचा? सीआरसी, म्हणजे कोल्ड रोल्ड. फ्लोअर आणि बाहेरच्या भागाला आम्ही २० गेज घेतला, साधारण ०.९ मिलिमीटर. रनिंग बोर्डाची आतली बाजू आणि पाट्याच्या जागेला १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. जाड घेतला की मजबूत, असं लोकांना वाटतं. तसं नाही. फार जाड पत्रा जुन्या पातळ पत्र्याला जोडताना जुना जळून भोक पडतं. जीआय पत्रा स्वस्त वाटतो, गंजत नाही असं म्हणतात, पण त्यावर वेल्डिंग केलं की जस्ताचा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. जुन्या वेल्डरांना विचारा.

रनिंग बोर्डाचे सरळ भाग आम्ही साकीनाक्याच्या बाजूला बेंडिंग मशीनवर वाकवून आणले. फ्लोअरला ज्या लांब नाळ्या असतात त्या चाचांनी लाकडाच्या ठोकळ्यावर हाताने ठोकून काढल्या. नाळ्या शोभेच्या नसतात बरं का. सपाट पत्रा पिंपाच्या झाकणासारखा टकटक करतो, नाळीने त्याला ताठपणा येतो.

चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, हा नियम. चांगला म्हणजे घासल्यावर लखलखीत, खड्डे नसलेला. गंजाच्या अगदी कडेला कापून तिथे वेल्ड मारला तर कड उडून जाते. दोन बोटं पुढे जा.

इथे माझी परीक्षा झाली. डावी बाजू झाली. उजवीकडे बाहेरचा पत्रा काढला तर आतली पेटीही गेलेली, आणि तिच्या पुढे मागच्या पाट्याच्या टोकाची जागाही. सांगितलेला खर्च जवळजवळ दुप्पट होणार होता. ते २०२१ होतं. लॉकडाऊन, माझा पगार कापलेला, मुलीची कॉलेजची फी. चाचा सरळ माणूस. म्हणाले, "भाऊ, बाहर का नया लगा दूं, अंदर रेड ऑक्साइड मार दूं. किसी को नहीं दिखेगा. तुम बोलो."

कुणाला दिसणार नाही. मी एक रात्र विचार केला. आणि मला लक्षात आलं, की मी अगदी त्याच जागी उभा आहे जिथे बाबा २००८ मध्ये उभे होते. तोच रनिंग बोर्ड, तीच पैशांची ओढ. माझ्याकडे तर लग्नाचं कारणही नव्हतं. सकाळपर्यंत बाबांवरचा माझा राग गेला होता. कारण मला कळलं होतं की "करू नंतर" हे किती सोपं असतं.

मी चाचांना सांगितलं, काम थांबवू. झाकायचं नाही. पैसे येतील तसं करू. गाडी तीन महिने घोड्यांवर तशीच उघडी राहिली, प्रायमर मारून, वर ताडपत्री टाकून. आणि हाच माझा तुम्हाला सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे. पैसे संपले तर थांबा. अर्धवट उघडी गाडी वाईट दिसते, पण ती खोटं बोलत नाही. झाकलेली गाडी बोलते, आणि पाच वर्षांनी तुम्हीच विसरता की आत काय आहे.

पुढे दिवाळीनंतर काम सुरू झालं.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात. चाचांच्या पिढीचा हात गॅसवर बसलेला. गॅसची उष्णता मोठ्या भागात पसरते आणि पातळ पत्रा लाटा मारतो. आम्ही सीओटू वेल्डिंग वापरलं, ०.८ ची तार. बाहेरच्या भागाला पत्रे कडेला कड लावून जोडायचे, एकावर एक चढवायचे नाहीत. चढवले की मधल्या फटीत ओल बसते आणि दहा वर्षांनी तिथेच गंज. आधी दर दोन इंचांवर एक टाका. मग एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, एक मध्ये. हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं आणि मग पुढचा. शिवणाऱ्या बाईसारखं एका टोकापासून सलग गेलात तर पत्रा वाकतो. मग हातोडी आणि डॉली घेऊन आठवडा घालवा. जिथे कारखान्यात स्पॉट होते, तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून त्यातून वेल्ड भरला. बाबांच्या सांगण्यावरून ठिपके जवळपास मूळ अंतरावरच ठेवले.

वेल्ड घासून झाल्यावर रात्रभर उघडा ठेवू नका, विशेषतः पावसाळ्यात. मुंबईत उघड्या पत्र्याला सकाळपर्यंत लाली येते. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर. सांध्यांवर सीम सीलंट. खाली अंडरकोट. आणि बंद पेटीच्या आत, जिथे ब्रश जात नाही, तिथे लांब नळीने मेणाचं कोटिंग. हे शेवटचं लोक टाळतात, कारण ते दिसत नाही. आपली गाडी सडली होती ती न दिसणाऱ्या जागीच, हे विसरू नका. कोटिंग करताना पाणी निघायची भोकं बुजणार नाहीत, एवढं बघा. पुट्टीही वाईट नाही बरं. एक-दोन मिलिमीटर, समतल करायला, चांगल्या पत्र्यावर. भोक भरायला नाही.

दोन गोष्टी कागदांच्या. चॅसी नंबर ठोकलेला पत्र्याचा भाग कधीही कापू नका, हलवू नका. आणि ज्यांच्या गाड्या पन्नास वर्षांच्या पुढच्या आहेत त्यांच्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यात अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. म्हणून पत्रा बदलताना मूळ आकार, मूळ जागा धरून चला, आणि आधीचे, मधले, नंतरचे फोटो तारखेसह जपून ठेवा. आमची गाडी १९८३ ची, तिला ते वय गाठायला २०३३ उजाडेल. तोपर्यंत दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर आहेच.

लोक विचारतात, एवढा पत्रा बदलला, मग गाडी तीच राहिली का? गावाकडच्या घराचे वासे वाळवीने खाल्ले तर आपण वासे बदलतो. घर कुणी बदललं असं म्हणत नाही. मला एवढंच उत्तर येतं.

जुलै २०२२ मध्ये गाडी बाहेर आली. पहिली फेरी बाबांना घेऊन, जुन्या कारखान्याच्या बाजूने. आता तिथे कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. बाबांनी काच खाली केली, बघितलं, काही बोलले नाहीत. परत आल्यावर खाली उतरले, वाकता येत नाही तरी दार धरून वाकले आणि रनिंग बोर्डावर बोटाने टकटक केलं. मग मला म्हणाले, "पुढच्या पावसाच्या आधी भोकं मोकळी कर. विसरू नकोस."

दरवर्षी मे महिन्यात करतो. एक तार, अर्धा तास. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर तुम्हीही करा. हा भाग ऐकून झाल्यावर लगेच खाली जाऊन केलंत तर उत्तम.

पुढच्या भागात दारांच्या बिजागऱ्या आणि काचेच्या रबरावर बोलू. तुमच्या गाडीचा पत्रा कुठे गेलाय ते जरूर कळवा, आणि चुंबक फिरवून मगच कळवा. भेटू. नमस्कार.